खिडकीजवळचा रिकामा पाळणा

आई, तुझ्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. लोक म्हणतात, माणूस गेलं की सगळं फिटतं. कसलं फिटतंय! तू जाऊन किती वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, आणि तरी परवा माझं डोकं असं फिरलं की हातातलं ताट मी मोरीत आदळलं. झालं काय, तर तुझ्या लेकाच्या सुनेनं आपलं तान्हं बाळ नगरला एका पाळणाघरात ठेवायचं ठरवलं. तिला नोकरीवर परत जायचंय. घरात कुरकुर चालली होती की एवढ्या जिवाला परक्याच्या हाती कसं द्यायचं. तर तुझा लेक मांडी ठोकून म्हणतो कसा, "काय होत न्हाई. आमची आई लढाईच्या टायमाला असल्याच पाळणाघरात आया हुती. लई माया लावायची पोरांना. इचारा आक्काला." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, हो, लावायची. आणि उठून आत गेले. त्याला दुसरं काय सांगणार होते मी?

ते पाळणाघर तुला आठवत असणारच, जन्मभर तू त्याचंच सांगत राहिलीस. भिंगारला छावणीच्या कडेला शिलाईची लांबलचक शेड होती. लष्कराचे तंबू आणि खाकी कपडे तिथं शिवायचे, सगळ्या बायका. त्या शेडला लागूनच पत्र्याची बराक. बायका अंगावरची पोरं सकाळी तिथं ठेवायच्या, दुपारी येऊन पाजून जायच्या, संध्याकाळी घरी न्यायच्या. मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या एक मोठ्या बाई सगळं बघायच्या आणि त्यांच्या हाताखाली तुम्ही दोन-तीन आया. आमचा बाप पलटणीबरोबर लामावर, लढाईला गेलेला. तिथं त्याचं काय झालं ते आपल्याला कुणी येऊन सांगितलंच नाही. धाकटा तो गेल्यावर जन्मला. मोठ्या बाईंनी कामावर घेताना तुला विचारलं, घरी अंगावर पिणारं मूल आहे का. तू म्हणालीस, न्हाई, एक मुलगी हाय, ती मोठी हाय. नऊ-दहा वर्षांची मोठी! पण ते तू का म्हणालीस ते मला कळतं. पिणारं पोर असलेल्या बाईला कामावर कोण उभं करतं, असं साऱ्या भिंगारात धरून चालायचे. पोटासाठी माणूस खोटं बोलतं. त्या एका खोट्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही, आजही लावत नाही. माझा राग त्याच्या पुढचा आहे.

अजून उजाडायचं असतं. तू चुलीपाशी बसून डबीतली अफूची गोळी काढतेस, तिळाएवढी, सहाणेवर दुधाच्या थेंबात उगाळतेस आणि करंगळीनं धाकट्याच्या जिभेला लावतेस. तो मिटक्या मारतो. तुझी भाकरी बांधून होईपर्यंत त्याची मान पडलेली असते. तेव्हा हे घरोघर चालायचं, बायका बाळगोळी म्हणायच्या तिला, शेतावर जाणारी, खडी फोडायला जाणारी प्रत्येक जण द्यायची. तू काही जगावेगळं केलं नाहीस, हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील पोरगी एकतर्फी बोलते. तू गेलीस की तो झोळीत आणि मी घरात. दुपारी त्याला हलवून हलवून जागं करायचं आणि बोंडल्यानं शेळीचं दूध पाजायचं. अर्धं बाहेर यायचं. पडून पडून त्याचं डोकं मागून चपटं झालं होतं, तिथले केस गेले होते. इतर पोरं ज्या वयात बसून धुमाकूळ घालतात त्या वयात त्याची मान धरत नव्हती. हाक मारली तर डोळे उघडायचा आणि माझ्या पलीकडं कुठंतरी बघायचा. रडायचा नाही म्हणून शेजारणी म्हणायच्या, किती गुणाचं लेकरू आहे. गुणाचं, म्हणे.

आणि तू संध्याकाळी यायचीस ती मुकी होऊनच. त्याला पदराखाली घ्यायचीस, भिंतीला टेकायचीस आणि डोळे मिटायचीस. मी काही सांगायला गेले की हातानंच गप्प करायचीस. मला वाटायचं आपली आई अशीच आहे, अबोल. काहींच्या आया असतात अबोल.

मग तो भाकरीचा दिवस. तू फडक्यात बांधलेली भाकरी घरीच विसरलीस. धाकटा गुंगीत होता, मी कडी लावून तुझ्या मागं पळाले. बराकीच्या दाराशी बायकांची रांग लागलेली, प्रत्येकीच्या कडेवर पोर, आणि दारात तू उभी. एकेक पोर हातात घ्यायचीस, अंगठ्यानं त्याची पापणी वर करायचीस, बाहुली निरखायचीस, तोंडाचा वास घ्यायचीस आणि मग आत सोडायचीस. अफू दिलेलं मूल आत घ्यायचं नाही, हा मोठ्या बाईंचा नियम होता. गुंगीतलं मूल पीत नाही, बघत नाही, शिकत नाही, त्याचं वाढायचं वय झोपेत जातं, असं त्या सांगायच्या. हे त्यांचं बोलणं पुढं तूच लोकांना ऐकवायचीस, अगदी त्यांच्या सुरात. त्या दिवशी एका पोरीवजा बाईचं लेकरू तू हातात घेतलंस, बघितलंस आणि तिच्या कडेवर परत दिलंस. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोललीस. "बाहुली बघ लेकराची, मोहरीवानी झालीया. आई हायेस का वैरीन?" ती रडत रडत माघारी गेली. तिचा त्या दिवसाचा रोज बुडाला. मी भाकरी धरून तिथंच उभी. ज्या हाताचा अंगठा त्या पापणीवर होता, त्याच हाताची करंगळी तासाभरापूर्वी कुठं होती हे त्या रांगेत फक्त मला ठाऊक होतं.

भाकरी मी दुसऱ्या आयेच्या हाती दिली आणि मागच्या खिडकीतून आत बघितलं. ते बघायला नको होतं, असं पुढं कितीदा वाटलं. तंबूच्या कापडाचे पाळणे आडव्या बांबूला ओळीनं टांगलेले, प्रत्येकावर रंगीत चिंध्यांचा झुबका, पोराच्या नजरेला पडेल असा. काही पोरं सतरंजीवर पालथी, मान उचलून पुढं ठेवलेल्या वाटीकडं सरकायला बघतायत. आमच्या धाकट्याएवढं एक पोर मागं गोधडीची वळकटी लावून बसलेलं आणि चमचा आपटत होतं. आणि तू बोलत होतीस. आई, तू बोलत होतीस! एकाला तेल लावताना त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारत होतीस, हा कुणाचा हात, हा कुणाचा पाय. ते हुंकार द्यायचं, की तू थांबायचीस, त्याचं म्हणणं ऐकल्यासारखी, आणि मग त्याला उत्तर द्यायचीस. दुसऱ्याशी पदराआडून कुक करत होतीस आणि खदाखदा हसत होतीस. तुझं असं हसणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तेही दुसऱ्याच्या पोरासाठी. मी घरी आले, झोळीत वाकून बघितलं. तो तसाच पडला होता, तोंड उघडं, ओठावर माशी. मला इतका राग आला की मी झोळीचा दोर धरून मोठमोठ्यानं रडले आणि तरी तो जागा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते तुला सांगायला नको, पण मी ते का केलं हे तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगते. मला वाटलं, तू तिथं दारात असतेस तेव्हा वेगळी असतेस. त्या आईला आपला धाकटा दाखवला तर ती त्याला आत घेईल. चार बायकांसमोर आपल्या पोराला कोण माघारी धाडतं? तू गेल्यावर मी त्याचं तोंड पुसलं, त्यातल्या त्यात बरं झबलं घातलं, कडेवर मारला आणि रांगेत जाऊन उभी राहिले. पुढं आपल्याच आळीतली एक बाई होती. तिनं मला ओळखलं, पण बोलली नाही.

रांग सरकते. तुझी नजर माझ्यावर पडते आणि तुझं तोंड उतरतं. पण हात थांबत नाहीत. तू त्याला माझ्या कडेवरून घेतेस, अंगठ्यानं पापणी वर करतेस, जशी सगळ्यांची करतेस तशीच, आणि म्हणतेस, "अफू दिलीया. ह्याला घेता येनार न्हाई." मोठ्या बाई मागंच होत्या. त्या पुढं आल्या, त्याची मान चाचपली, त्याच्या मुठीत आपलं बोट देऊन बघितलं. त्यानं ते धरलं नाही. त्यांनी तुला विचारलं, कुणाचं मूल हे?

"मला काय ठावं, बाई," तू म्हणालीस.

मग त्या माझ्याकडं वळल्या आणि तेच विचारलं. मी म्हटलं, "माझं हाय." रांगेतल्या बायका हसल्या. तू तेवढ्यात पदर ओढून छातीवर गच्च धरलास आणि पुढच्या बाईला खुणेनं बोलावलंस. मोठ्या बाई मला हळू आवाजात म्हणाल्या, घरी सांग, अफू बंद करा, आणि याला रोज घेऊन ये. मी त्याला घेऊन परत आले. सगळी वाट मी मनात म्हणत होते की रात्री आई काहीतरी सांगेल.

सांगितलंस ना. म्हणालीस, परत तिकडं पाय टाकलास तर तंगडी मोडीन. म्हणालीस, मला काढून टाकलं तर खाशील काय, माती? त्याला पाजताना तुझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, मी बघितलं, पण त्या पाण्याचा मला काय उपयोग होता? मी म्हटलं, बाई तर म्हणाल्या रोज आण. तू म्हणालीस, बाईंना ठावं न्हाई म्हणून म्हणाल्या. सकाळी डबी पुन्हा उघडली.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडणं सोडलं आणि चोरी धरली. गूळ नि कात कुटून मी तसल्याच तिळाएवढ्या गोळ्या वळल्या, तुझ्या गोळ्या उकिरड्यात पुरल्या आणि माझ्या डबीत भरल्या. तू भक्तिभावानं त्या उगाळत राहिलीस. पहिले काही दिवस त्यानं रडून घर डोक्यावर घेतलं. जुलाब, घाम, अंगाला पीळ. मला वाटलं मी त्याला मारून टाकणार. मी त्याला खांद्यावर टाकून अंगणात येरझारा घालायची आणि मीही त्याच्याबरोबर रडायची. शेजारणी तुला सांगायच्या, पोर हल्ली लई किरकिरं झालंय. तू म्हणायचीस, अफूतबी भेसळ करायला लागलेत मेले. एवढं एक सोडलं तर त्या दिवसांत मला हसू आल्याचं आठवत नाही.

आणि तंगडी मोडायची धमकी असूनही मी रोज तिकडं यायची. तू पुढच्या दारी, मी मागच्या खिडकीशी, कडेवर तुझाच लेक. तू आत जे करशील ते मी बघायची आणि घरी येऊन त्याच्यावर करायची. चिंध्यांचा झुबका टांगला. गोधडीची वळकटी केली. पालथं घातलं की तो नाक जमिनीला लावून ओरडायचा, तर मी त्याच्यासमोर पालथी पडून वाटी वाजवायची. तेल नव्हतं तेव्हा नुसत्या हातानं चोळायची आणि विचारायची, हा कुणाचा हात, हा कुणाचा पाय. कितीतरी दिवस तो माझ्या पलीकडंच बघत राहिला. एकदा दुपारी मी तोंडावरचा पदर काढून कुक केलं आणि तो हसला. आवाज न करता, नुसता ओठानं. पण माझ्याकडं बघून हसला. तुझी सगळी विद्या मी अशी खिडकीतून चोरली, आई. तू ती आपल्या हातानं द्यायला हवी होतीस, मला नाही, त्याला.

बरं, इतकं करून ती नोकरी तरी टिकली का? लढाई संपली, तंबूंचं काम थांबलं, शेडला कुलूप लागलं. बराक रिकामी झाली. ज्या कामासाठी तू दारात उभं राहून म्हणालीस मला काय ठावं, ते काम असं गेलं. तू मग छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून लागलीस, पुन्हा दुसऱ्याचंच पोर कडेवर. धाकटा उशिरा बसला, उशिरा रांगला. बोलायला तर इतका उशीर केला की लोक त्याला मुका म्हणायला लागले. आज त्याचं सायकलचं दुकान आहे, नातवंडं आहेत, शब्द अजून हळू येतात पण येतात. तो शाबूत आहे. तो शाबूत राहिला तो तुझ्यामुळं नाही, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही, आणि हे दाताखाली धरून जगणं किती जड जातं ते तुला कळणार नाही.

तरी एवढ्यावर मी तुला सोडलं असतं. गरिबीवर ढकललं असतं, लढाईवर ढकललं असतं. पण तुझ्या दहाव्याला ती आली, तुझ्याबरोबरची दुसरी आया, काठी टेकत. तिच्यामागं पाच-सहा बापे माणसं, मिशा पिकलेले, सांगत होते की आम्ही या माउलीच्या मांडीवर वाढलो. मी सगळ्यांना चहा देत होते. तिनं मला बाजूला ओढलं आणि म्हणाली, ते रांगेत आणलेलं लेकरू हाच का? मी म्हटलं, हाच. तर म्हणाली, बाईंना त्याच दिवशी कळलं होतं. त्याला हातात घेतल्या घेतल्या तुला पान्हा फुटला होता, चोळी भिजली होती, म्हणून तू पदर ओढलास. बाईंनी ते बघितलं. तू आत गेल्यावर त्यांनी खिडकीजवळचा एक पाळणा रिकामा करायला लावला आणि हिला सांगितलं, तिचं बाळ आहे, ती विचारेल तेव्हा लगेच घ्या, काही बोलू नका. त्यांच्या मते पिणारं मूल असलेली आया कामाला वाईट नव्हतीच. त्यांनी आपलं सहज विचारलं होतं, असलं तर त्याचीही सोय करावी म्हणून. शेडला कुलूप लागेपर्यंत तो पाळणा तिथं टांगलेला होता. रोज त्याच्यावरची धूळ पुसायची तूच.

सोय करावी म्हणून विचारलं होतं, आई! आणि तू तो पाळणा पुसत होतीस. तुला कधी वाटलं नाही का, हा रिकामा कशाला? बाहेर पोरं जागेसाठी ताटकळतायत आणि हा कुणासाठी राखलाय? एक शब्द टाकायचा होता. बाई, चुकले, माझं लेकरू आहे. बस. तोंड शिवलं होतं का तुझं? मरतानासुद्धा पाणी माग म्हटलं असतं तर कुणाकडं मागितलं नसतंस तू. लोक याला मानी म्हणतात. मी म्हणते, मान तुझा आणि मोल त्याचं. आणि त्या मोठ्या बाई, त्यांचाही मला तितकाच राग येतो. कळलं होतं तर बोलायचं ना. एका बाईला चारचौघींत खोटं पाडायला नको म्हणून गप्प बसल्या. केवढं ते सौजन्य. तू त्यांना भ्यालीस, त्या तुझी लाज राखत बसल्या, तेरी बी चूप मेरी बी चूप, आणि ज्याला बोलता येत नव्हतं तो झोळीत पडून राहिला. त्या पाळण्यात तो असता तर वेळेवर बसला असता, वेळेवर बोलला असता, शाळेत मास्तरांनी त्याला मठ्ठ म्हणून मागं बसवलं नसतं. मीही शाळेत वेळेवर गेले असते. सातवी होऊन मास्तरीण व्हायला मला केवढ्या खस्ता खाव्या लागल्या ते तू बघितलंयस.

एवढं लिहिलं तरी राग तिथंच आहे. वाटलं होतं कागदावर उतरेल. हे पत्र धाकट्याच्या हाती पडता कामा नये, म्हणून उद्या बंबात घालीन. पण घालायच्या आधी एक गोष्ट लिहिते, ती त्यालाही ठाऊक नाही.

पाळणाघरात तुमची एक रीत होती, बंगल्यावरही तू ती पाळायचीस. तूच एकदा भाकरी थापताना मला सांगितलीस. दुसऱ्याचं पोर आपल्यासमोर पहिलं पाऊल टाकतं, तेव्हा आपण टाळ्या वाजवायच्या, त्याला उचलायचं, पण संध्याकाळी त्याच्या आईला सांगायचं नाही. तिला ते घरी दिसू द्यायचं. दुसऱ्या दिवशी ती धावत सांगायला आली की आपण डोळे मोठे करून म्हणायचं, व्हय का? कामावर असलेल्या बाईचं तेवढं हिरावून घेऊ नये.

तीन वर्षांचा होत आला तेव्हा तो चालला. उंबऱ्याला धरून उभा होता, तू बंगल्यावरून आलीस, तशी उंबरा सोडून तुझ्याकडं दोन पावलं टाकली आणि तुझ्या लुगड्यात पडला. तू ओरडून आळी गोळा केलीस. सगळ्यांना सांगत होतीस, माझ्या देखत चालला, मी दारात आले नि चालला. माझ्याकडं वळून म्हणालीस, बघितलंस का गं? मी डोळे मोठे केले आणि म्हटलं, व्हय का?

तो दुपारीच चालला होता, आई. सगळं अंगण ओलांडून माझ्यापर्यंत आला होता.